डाव्या खांद्यावरची डबी

१२ एप्रिल १९७८, बुधवार

बर्फ वेळेवर आलाच नाही! कारखान्यातून सकाळी आठला लादी यायची, ती सव्वादहाला आली, तीही अर्धी वितळून. तोवर डेव्हलपरची टाकी आंघोळीच्या पाण्यासारखी कोमट. अशा पाण्यात फिल्म बुडवली की करडी, मळकट होऊन वर येते. फिल्म धुणारा जोतीराम डार्करूमच्या दारात बसून कारखानदाराचा उद्धार करत होता. पन्नाशी उलटली त्याची, पण एक शिवी दुसऱ्यांदा येत नाही तोंडून! मला हसू आवरेना.

दिवसभरात एक्स-रेच्या एकोणीस फिल्म. त्यातली एक लक्षात राहिली, पेशंटपेक्षा त्याच्या आईमुळे. शिवपुत्र नाव मुलाचं. तेवीस-चोवीसचा, उंच, काटकुळा, दारातून मान वाकवून आत आला. चादरीच्या दुकानात कामाला आहे. वरच्या फळीवरचा गठ्ठा ओढताना डावीकडे छातीत चमक निघाली, तेव्हापासून जिना चढताना दम लागतो म्हणाला. मी सदरा काढायला सांगितला, तर मागून आई पुढे झाली — गंगम्मा. तिचा हात आधी मुलाच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर; आम्हा लिंगायतांत ते कायम अंगावर असतं.

"फोटो काय काढायचा त्यो काढ बाई. पन लिंग अंगावरनं उतरायचं न्हाय. दीक्षा झाल्यापासनं एक डाव उतरलं न्हाय."

मी पदर सारून माझ्या गळ्यातलं दाखवलं. "अव्वा, मी पण आपल्यातलीच. हितं कुणाचं उतरवत न्हाई." तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मग नेहमीप्रमाणे — चांदीची डबी दोऱ्यासकट वर सरकवली, डाव्या खांद्याच्या खळग्यात बसवली, वर चिकटपट्टी. डॉक्टरांचा नियमच तो. डबी छातीवर मधोमध लोंबत राहिली तर फिल्मवर नेमकी हृदयावर पांढरी येते. खांद्यावर कुणाला अडचण नाही. 'त्या दवाखान्यात लिंग काढायला लावत नाहीत' हे पार अक्कलकोटपर्यंत ठाऊक आहे, आणि तिकडचे निम्मे पेशंट तेवढ्यासाठीच आमच्याकडे येतात.

"श्वास घ्या. धरा. सोडा." झालं.

डॉक्टर महादेवप्पांना कुठे लग्नाला जायचं होतं. ओली फिल्म त्यांनी हँगरसकट खिडकीकडे धरली. बुटांवर थेंब पडायला लागले तशी माझ्याकडे परत दिली. "स्नायू लचकलाय. मलम देतो. परवापासून कामाला जाऊ दे."

गंगम्मानं जाताना माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. बरं वाटलं. दवाखान्यात असं कोण करतं?


१५ एप्रिल, शनिवार

शिवपुत्र गेला.

दुपारी एवढंच लिहून वही मिटली होती. आता पुढचं लिहिते.

सकाळी साडेनऊला रिक्षातून आणला. काल कामाला गेला होता, आज सकाळी दुकानाचं शटर उचलताना खाली बसला. ओठ निळे, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी बघितलं आणि ओरडले, "आधी फिल्म!" उभं राहणं शक्य नव्हतं, बसवूनच काढली. गंगम्मानं या वेळी मला खांद्याला हात लावू दिला नाही. डबी तिनं त्याच्या डाव्या मुठीत दिली आणि वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी मूठ आवळून धरली. "सोडू नको रं बाळा. हातात हाय. सोडू नको."

फिल्म डेव्हलपरमधून वर काढली तेव्हाच कळलं. लाल दिव्यातसुद्धा कळलं! डावी बाजू सगळी काळी — सरसकट, कोरी काळी. फुप्फुस हृदयाला चिकटून मुठीएवढं झालेलं, आणि हृदय उजवीकडे ढकललेलं. जोतीरामनं माझ्याकडे पाहिलं आणि हँगर घेऊन तो धावलाच.

डॉक्टरांनी बरगड्यांमधून सुई घातली. सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी हवा बाहेर आली, खोलीतल्या सगळ्यांनी ऐकली. क्षणभर वाटलं, सुटला. दहा वीसला गेला.

मामा आला होता त्याचा. तो म्हणाला, "परवाच्या फोटोत ह्ये दिसलं न्हाय व्हय?" डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, "परवाच्या फोटोत वरचा भाग झाकलेला होता." एवढंच. माझ्याकडे पाहिलं नाही.

झाकलेला होता. डबीनं. आणि डबी मी ठेवली होती.

आजच्या फिल्मवर डबी कुठेच नाही, कारण ती मुठीत होती. आणि अंगावरच होती! रोज पूजेला आपण लिंग डाव्या तळहातावरच घेतो. आज पहाटे मीही घेतलं होतं. सहा वर्षं मी माणसांच्या खांद्यावर चिकटपट्ट्या लावतेय आणि एकदाही सुचलं नाही की हातात द्यावं! बरं, दुखत होतं डावीकडे, तर निदान उजव्या खांद्यावर तरी न्यावी? हात सवयीनं डावीकडेच गेला.


१६ एप्रिल

आमच्यातल्या रीतीप्रमाणे बसवून पुरलं त्याला. तळहातावर लिंग देऊन. मी गेले नाही, जोतीरामनं येऊन सांगितलं. आज माझ्याकडून पूजा झाली नाही.


१७ एप्रिल, सोमवार

डॉक्टरांनी बोलावलं. बोलणी खायच्या तयारीनं गेले. पण ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हेमा, बस. कमिटी विचारणार आहे. दवाखाना समाजाचा, पोरगा समाजाचा, विचारणारच. तू घाबरू नकोस. मी आहे ना?"

जिन्यात येऊन रडले. वाईट वाटून नाही — सुटल्यासारखं वाटून.

या माणसानं मला उभं केलं, हे मी रोज स्वतःला सांगते. आप्पा गेले तेव्हा मी एकोणीसची. लग्न जमेना, आईच्या — माझ्या अव्वाच्या — हातात शिलाईच्या मशीनशिवाय काही नाही. डॉक्टरांनी पुण्याला एक्स-रेच्या कोर्सला धाडलं, परत आल्यावर नोकरी दिली. एवढ्यावर थांबले नाहीत. रोज दुपारी पेशंट संपले की अर्धा तास व्ह्यू-बॉक्सच्या दिव्यासमोर उभं करायचे. "फिल्म काढणारीला वाचताही आलं पाहिजे." कोण शिकवतं असं? पुण्यात नव्हतं कुणी शिकवलं.

हवेची गळती त्यांनीच शिकवली. एक जुनी फिल्म लावून म्हणाले, "काय दिसतं?" मी म्हटलं, काही नाही, चांगली आहे. हसले. मग पेन्सिलच्या टोकानं दाखवलं. चांगल्या फुप्फुसात पांढरे धागे असतात — रक्तवाहिन्या — ते मुळांसारखे फुटत फुटत पार बरगड्यांच्या कडेपर्यंत जातात. फुप्फुसाला भोक पडलं की हवा बाहेर येऊन फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये साठते. तिला बाहेर जायला वाट नसते, मग ती फुप्फुसालाच आत दाबत जाते. फुप्फुसाची कड अशी सुटली की फिल्मवर केसाएवढी बारीक पांढरी रेघ दिसते. रेघेच्या अलीकडे धागे, पलीकडे नुसता काळोख. बस्स. माणूस उभा असला की हवा वर चढते, म्हणून रेघ बहुतेक वेळा खांद्याखाली, फुप्फुसाच्या टोकाशी सापडते. शंका आली तर पेशंटला श्वास पूर्ण सोडायला लावून दुसरी फिल्म काढायची, कारण फुप्फुस लहान झालं की गळालेली हवा उठून दिसते.

आणि फसू नकोस म्हणायचे. बाईची वेणी, पाठीच्या कातडीची घडी, खांद्याच्या फऱ्याची कड, सगळ्यांची रेघ येते. "रेघ दिसली म्हणून ओरडायचं नाही. पलीकडे धागे आहेत का ते बघायचं, मग ओरडायचं."

टोकाशी. खांद्याखाली. हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक. आणि तिथेच आम्ही सहा वर्षं चांदीची डबी चिकटवत आलो! दोघांपैकी एकालाही दोन गोष्टी शेजारी ठेवून बघता आल्या नाहीत. पण निदान दोघांची चूक आहे. दोघांची म्हटलं की सोसता येते.


१९ एप्रिल

गंगम्मा आली होती. दवाखान्यात नाही, घरी! पत्ता कुणी दिला देव जाणे. मला वाटलं शिव्या घालायला आली. दारातच खाली बसली. अव्वानं पाणी दिलं, तेही घेतलं नाही.

"तुला सांगायला आले बाई. तुझं काय चुकलं न्हाय. म्याच लिंग काढू दिलं न्हाय."

मी म्हटलं, असं कोण म्हणालं?

"डाक्टर म्हनले की. घरला येऊन सांगून गेले बिचारे. लिंगाच्या सावलीत दुखनं लपलं म्हनले. काढलं असतं तर दिसलं असतं, म्हनले. लई हळहळले."

घरी जाऊन सांगितलं? चार दिवसांच्या आत? त्या बाईला? हातात देता आलं असतं, अंगावर ठेवूनही दिसलं असतं, तुझ्या हट्टाचा काही संबंध नाही — हे सगळं जिभेवर होतं. पण कमिटी सोमवारी आहे आणि डॉक्टर म्हणाले आहेत, मी आहे ना. तिला तसंच जाऊ दिलं.


२३ एप्रिल

उद्या कमिटी. निळी साडी इस्त्री केली. अव्वा म्हणते पांढरी नेस. कोर्टात चाललेय का मी?


२४ एप्रिल, सोमवार

संपलं.

कमिटीचे पाच जण. अध्यक्ष सिद्रामप्पा, सुताचे व्यापारी, भले गृहस्थ, सारखं घड्याळ बघणारे. पाचांत एकही डॉक्टर नाही. मला दाराजवळची खुर्ची. डॉक्टर त्यांच्या शेजारी, जणू सहावे सभासद.

डॉक्टरांनी पाकिटातून शिवपुत्रची पहिली फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. बोट ठेवलं. "हे पाहा." डाव्या खांद्यावर डबी, पांढरीफटक, कुणीही ओळखेल अशी. दोघांनी हात जोडले. सिद्रामप्पांनी डोळे मिटले. मला दारातून तेवढीच दिसली, डबी.

मग डॉक्टर म्हणाले — शब्द न् शब्द लिहून ठेवते — "हवेची गळती नेमकी इथेच दिसते. इथेच झाकलं गेलं. लिंग खांद्यावर सरकवण्याची सूचना मी कधीही दिलेली नाही. हेमावतीनं श्रद्धेपोटी ती पद्धत सुरू केली असावी. तिचा हेतू वाईट नव्हता."

कधीही दिलेली नाही!

मी उठून उभी राहिले. म्हटलं, साहेब, तुम्हीच सांगितलं होतं. मी कामाला लागले त्याच आठवड्यात. एका म्हातारीनं फोटो न काढताच परत जायची तयारी केली तेव्हा तुम्ही स्वतः येऊन डबी खांद्यावर ठेवून दाखवली होती. जोतीराम समोर होता.

सिद्रामप्पा म्हणाले, "कागद आहे का काही?" कागद कुठून असणार! मग जोतीरामला बोलावलं.

जोतीराम आला. टोपी हातात. डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. फरशीकडे बघून म्हणाला, "म्या काय सांगनार मालक. म्या अंदारात असतो. भाईर कोन काय बोललं, मला काय ठावं?"

सहा वर्षं त्या अंधारात मी त्याच्याबरोबर उभी राहिले. हायपोनं — फिल्म पक्की करायच्या औषधानं — त्याची बोटं फुटली की मी घरून खोबरेल नेऊन द्यायचे.


२५ एप्रिल

'तिचा हेतू वाईट नव्हता.' रात्रभर हेच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नालायक म्हणाले असते, हाकलून दिलं असतं, तर मी भांडले असते. पण हे — पाठीवरून हात फिरवत खड्ड्यात लोटणं! आणि 'श्रद्धेपोटी'! श्रद्धा माझी, आणि त्या श्रद्धेवर चाललेला दवाखाना कुणाचा? म्हातारी परत जाऊ नये ही काळजी कुणाची होती?

मी त्यांना साहेब म्हणायचे, पण मनातल्या मनात आप्पांच्या जागी होते ते. हे आजवर या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. आज लिहिते, कारण आता ते खरं राहिलेलं नाही.

राग एका गोष्टीचा सगळ्यात जास्त. मी चूक मान्य करायला तयार होते! माझा हात होता, माझी चिकटपट्टी होती. नुसतं म्हणायचं होतं, 'आमच्या दोघांच्या लक्षात आलं नाही.' तेवढं एक वाक्य. मग मी सगळं माझ्या अंगावर घेतलं असतं त्यांच्यासाठी. न मागता.


२९ एप्रिल

पत्र आलं. टाइप केलेलं, चार ओळींचं. सेवेची आवश्यकता उरलेली नाही. खाली डॉक्टरांची सही — मुलींच्या लग्नपत्रिकेवर करतात तशी वळणदार.


१ मे

महाराष्ट्र दिन, सगळ्यांना सुट्टी. मला रोजच.


९ मे

आंब्याची पेटी आली! डॉक्टरांकडून. त्यांचा ड्रायव्हर ओसरीवर ठेवून गेला. मी म्हटलं परत पाठवू. अव्वानं पेटी पायानं आत सरकवली.

"का पाठवायची? त्या मानसानं तुला शिकीवलं. आपुन मिठाला जागावं."

"अव्वा, त्यानंच मला घालवलं."

"घालवलं, पन पोलिसात दिलं न्हाय न्हवं? एकाद्यानं दिलं असतं. चूक तर झालीच की तुझ्याकडनं."

माझी आई! सख्खी! गवत बाजूला करून एकेक आंबा दाबून बघत होती आणि मला हे ऐकवत होती. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. आंबाही खाल्ला नाही.

संध्याकाळी एक खाल्ला. गोड होता. स्वतःचीही शरम वाटते कधी कधी.


२० मे

धीर करून डॉक्टरांच्या घरी गेले. म्हटलं, साहेब, नोकरी नको, काही नको. शिवपुत्रची पहिली फिल्म एकदा नीट बघू द्या. मला हे तरी कळू दे की माझ्या हातून किती झाकलं गेलं.

ते चहा पीत होते. मलाही मागवला. "बघून काय करणार, हेमा? झाकलेलं ते झाकलेलंच दिसणार. फिल्म माझ्या कपाटात आहे, रेकॉर्डला. विसर आता." मग लेटरहेडवर चिठ्ठी लिहिली, पंढरपूरला एका दवाखान्यात माणूस हवाय. "हुशार मुलगी आहे असं लिहिलंय. फक्त तिकडे या प्रकरणाची वाच्यता नको. तुझ्याच भल्यासाठी."

चिठ्ठी घेतली मी. दारातून बाहेर पडल्यावर फाडेन असं वाटलं होतं. फाडली नाही. पर्समध्ये आहे.


२६ मे

पंढरपूरला गेले नाही. अव्वा रोज विचारते. रोज म्हणते, उद्या.


११ जून, रविवार

मंगळवार पेठेत भाजी घेताना गंगम्मा दिसली. ओळखलीच नाही आधी. गालफडं बसलेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत. आणि गळा मोकळा. दोरा नाही, डबी नाही.

मी म्हटलं, "अव्वा, लिंग कुटं?"

"मटात नेऊन दिलं. स्वामी म्हनले, घाल परत. घालत न्हाय." दोडक्याचा वाटा उलटासुलटा करत म्हणाली, जणू भाव सांगतेय. "साट वर्सं सांबाळलं त्येला. पोटच्या पोरावानी सांबाळलं. आन् त्येनं माज्या पोराचं दुखनं लपवलं की. मग कशाला पायजे?"

लिंगाशिवाय आमच्यात पाण्याचा घोटही घेत नाहीत. शेजारीण सांगत होती — दिवसातून एकदा अर्धी भाकरी खाते, तीही कुणी बघत नसताना, चोरी केल्यासारखी. परवा चक्कर येऊन नळावर पडली. अशी किती दिवस काढणार ती?

मी म्हटलं, "अव्वा, चूक माझी. मी हातात द्यायला पायजे होतं. तुमच्या हट्टाचं काही न्हाई, लिंगाचं काही न्हाई." शेवटी म्हटलं एकदाचं! दोन महिन्यांनी, भर बाजारात.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू चांगली हायस. म्हनून म्हनतीस तसं." आणि दोडकी न घेताच गेली.

साहेबांनी माझी नोकरी घेतली ते एक वेळ सोडून देईन. पण हे? एका म्हातारीचा देवच काढून घेतला, आणि तोही हळहळत, तिच्या ओसरीवर बसून! त्यांनी माझं नाव सांगितलं असतं तर तिनं मला शिव्या दिल्या असत्या आणि दोन घास सुखानं खाल्ले असते. मला चाललं असतं ते. खरंच चाललं असतं.


२७ जून, मंगळवार

जोतीराम आला. दार उघडलं आणि तसंच लावून घेत होते, तर पायरीवर बसला. उठेचना. पावसाची भुरभुर, टोपी भिजत होती तरी उठेना. शेवटी दाराच्या फटीतून बोलले, काय पाहिजे?

"वर्साची रद्दी निगाली, ताई. जुन्या फिल्मा." हे मला माहीत आहे. दरवर्षी जूनमध्ये जुन्या फिल्म भंगारवाला नेतो, त्यातली चांदी काढून घेतात. पाच वर्षांपेक्षा जुन्याच देतात पण. "गट्टे बांदत हुतो. तर सायेब सोता आले, आन् मधल्या गट्ट्यात ह्ये पाकीट खुपसून गेले. सोता. कदी डार्करूमचा उंबरा वलांडत न्हाईत त्ये. म्हनून म्या काडून बगितलं. वर त्या पोराचं नाव."

मी विचारलं, मग मला कशाला आणून दिलंस? मी अंधारात असतो म्हणाला होतास ना?

त्यानं टोपी काढून पिळली. मग, "पोटासाटी बोललो, ताई. पोरीचं लगीन हुतं मे म्हैन्यात, आन् सायबांनी दोन दिस आदी जवळ बोलवून इच्यारलं, जोत्या, तुला काय आटवतंय? म्या समजायचं त्ये समजलो. तवापासनं अन्न ग्वाड लागत न्हाय." रडत होता का पाऊस होता, कळलं नाही. मी विचारलंही नाही.

खाकी पाकीट उंबऱ्यावर ठेवून गेला.

दार उघडून त्याला आत घेता आलं असतं. नाही घेतलं.


२९ जून

पाकीट पिठाच्या डब्यावर पडून आहे. अव्वा दोनदा म्हणाली, पीठ काढायचंय, उचल. उचलत नाही. त्यात काय आहे ते कमिटीत पाहिलंय मी. चांदीची डबी आणि माझी चिकटपट्टी. पुन्हा कशाला बघायचं?

पण एक विचार डोकं सोडत नाही. झाकलेलंच दिसणार होतं, तर भंगारात कशाला टाकली?


२ जुलै, रविवार

आज खिडकीच्या काचेवर धरली. डबी आहे तिथेच आहे. नजर पुन्हा तिच्यावरच जाते, म्हणून तिच्यावर अंगठा ठेवला आणि बाकीची फिल्म पाहिली.

रेघ आहे. डबीच्या खालून बाहेर निघते आणि बरगड्यांच्या कडेनं काखेखाली चार बोटं उतरते. पलीकडे एकही धागा नाही. सगळी उघड्यावर!

लिंगानं काहीच लपवलं नव्हतं. साहेबांनी बघितलंच नव्हतं, आणि नंतर बघितलं तेव्हा कपाटात ठेवलं. आणि मी? त्या दिवशी ही फिल्म पाच मिनिटं माझ्या हातात निथळत होती.

गंगम्माकडे निघाले आहे. तिला सगळं दाखवणार आहे. स्वतःलासुद्धा न वगळता.